तिसरी आणि अकरावी
बिबट्यांच्या मोजणीत बाईंची तीस वर्षं गेली, आणि पुरस्कार मिळाला तो त्यांच्या विद्यार्थिनीच्या पहिल्याच पुस्तकाला. तेच पुस्तक त्या भिंगाखाली धरून बसल्या होत्या. “वाचतेयस की चिरफाड करतेयस?” नवऱ्याने विचारलं. “कौतुक करतेय,” बाई म्हणाल्या. बिबट्या ठिपक्यांवरून ओळखतात, आणि त्याच्या दोन्ही कुशींवरचे ठिपके वेगवेगळे असतात. पाणी पिऊन वळलेल्या मादीचे पुस्तकातले लागोपाठचे दोन फोटो बाईंनी शेवटच्या पानांवरच्या यादीशी ताडून पाहिले. डाव्या कुशीवरून ती तिसरी, उजव्या कुशीवरून अकरावी. एकच मादी दोनदा मोजली होती. बाईंची महिन्याभराची पोटदुखी तिथल्या तिथे थांबली. त्यांनी दोन्ही आकड्यांभोवती लाल गोल काढले. “पोरगी तोंडावर आपटली. उद्याच सगळ्यांना कळवते.” मग त्यांना यादीखालची बारीक टीप दिसली: “पहिले बारा बिबटे बाईंच्या यादीतून घेतले. बाईंची मोजणी तपासावी लागत नाही.”