वईवरची तार

सुजयने लांब दांड्याच्या दोन कात्र्या आपल्या दुकानाच्या काउंटरवर आडव्या ठेवल्या आणि आधी विचारलं, "काका, वईवरनं लायटीची तार जाते काय?"

जात होती. बंगल्याच्या वईचे, त्या हिरव्या कुंपणाचे शेंडे तारेच्या हातभर खाली येऊन पोचले होते, आणि मालक आठ दिवसांनी गणपतीला मुंबईहून येणार होते. पण काउंटरपुढे उभ्या गंगारामला, बंगल्याच्या माळ्याला, तारेचं काही वाटत नव्हतं. बांबूला कोयता बांधून त्याने तीस वर्षं वई छाटली. बांबूतून कधी करंट येतो का, असं त्याचं म्हणणं. ओल्या बांबूतून येतो, सुजय म्हणाला. गंगारामने ते कानाआड केलं.

अॅल्युमिनियमची कात्री हलकी, पण तारेखाली नेली तर जीवच घ्यायची. फायबरची त्यातल्या त्यात बरी, तीही वायरमनला सांगून लाइन बंद केल्यावरच, पण जड. गंगारामने फायबरची उचलली. ती अर्ध्यावर गेली आणि टोक रंगाच्या डब्यांवर आदळलं. वस्तूच धड नाही, म्हणाला. मग अॅल्युमिनियमची एका उजव्या हाताने उचलून दाखवली. स्वारी खूश.

"हीच बांध."

शिमग्यानंतर अर्धांगाचा झटका येऊन त्याचा डावा हात लुळा पडला होता. आता शेजारी उभ्या बायकोने, बकुळाने, ते पाच महिने झाकून ठेवलं होतं. माळीकाम गेलं की बंगल्यामागची खोलीही जाणार. आणि सुजय तर मालकांच्या ओळखीतला. बोलावं तर खोली जाते, न बोलावं तर माणूस.

"ती बांधू नको," ती म्हणाली. "ह्यांचा डावा हात गेलाय. फायबरची दे माझ्याकडं."

गंगारामची मान खाली गेली. चारचौघांत आपण नवऱ्याला उघडं पाडलं, याची तिला लाज वाटली. त्याच्याकडे न बघता तिने फायबरची कात्री दोन्ही हातांनी उभी केली. टोक दुकानाच्या माळ्यापर्यंत गेलं आणि थरथरत का होईना, तिथे राहिलं.

सुजयने दुसरी कात्री मागे ठेवून दिली.

गंगाराम पुढे झाला. उजव्या हाताने त्याने बकुळाचा वरचा हात दांड्यावर वीतभर खाली सरकवला.

"खालनं वर छाटत जायचं गो," तो म्हणाला. "वरनं सुरू केलंस तर तुटलेलं तुझ्याच अंगावर येतंय."