निघताना म्हणायचं ते

सुनेला कळा सुरू झाल्या, तसे अप्पा खैरे इस्त्रीचा सदरा घालून निरोपकेंद्रात आले. नगरातलं पाणी मोजक्याच माणसांना पुरायचं. घरातलं एक माणूस गेल्याशिवाय नव्याला जन्माचा परवाना नसे. आतल्या दारापाशी अप्पांनी मुलाकडे वळून हात हलवला. "येतो रे, निशिकांत."

यंत्र गोड आवाजात म्हणालं, "परत येण्याचा इरादा दिसतो. संमती रद्द."

"अहो, तशी म्हणायची पद्धत असते! 'जातो' म्हणतं का कुणी? अशुभ असतं ते!"

यंत्राला शुभाशुभ शिकवलेलं नव्हतं. अप्पांना मनातून जरा बरंच वाटलं. निशिकांत काही बापाच्या तोंडून तो शब्द वदवून घेणार नाही.

निशिकांतनं घड्याळ पाहिलं. "अप्पा, म्हणा ना 'जातो'. पटकन."