सुकट भाजण्यास परवानगी

दहा वाजून दोन मिनिटांनी सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला. ‘चारशे चार. आला! वास आला!’

श्रीपाद आगाश्यांचा चेहरा उजळला. सेक्रेटरी म्हणून गेले आठ महिने ते हेच घसा फोडून सांगत होते. पहिल्या मजल्यावरची ठमाबाई सुकट भाजते आणि तो वास स्वयंपाकघरांच्या डक्टमधून चढत चढत बाराव्या मजल्यावर, म्हणजे त्यांच्या ओट्यापर्यंत येतो.

त्या ओट्यापाशीच सुदेश स्टुलावर उभा होता. घरातली हवा नियमाप्रमाणे बाहेर जाते की नाही ते तपासून दाखला देणं, हा त्याचा धंदा. मंगळवारी त्याने या रांगेतली बाराही स्वयंपाकघरं तपासली आणि बाराही पास केली. इथेच तर घोडं पेंड खात होतं! पास म्हणजे डक्ट हवा ओढून गच्चीबाहेर फेकतो. मग वास घराघरात येईलच कसा? आणि वास येत नसेल, तर ठमाबाईच्या स्वयंपाकघराचं डक्टमधलं तोंड कायमचं लिंपून टाकायचा ठराव अकराच्या मीटिंगमध्ये कसा मंजूर होणार? लोक पास करा म्हणून हातापाया पडतात. ही सोसायटी नापास करा म्हणून सुदेशच्या मागे लागली होती.

“सर, रीडिंग बघा ना,” सुदेश म्हणाला. “हवा वरच चाललीये. नुसता कागद धरला तरी जाळीला चिकटतोय.”

“यंत्राला नाक असतं का हो?” आगाशे म्हणाले.

आता नाकानेच निकाल लावायचा, हे त्यांनीच ठरवलं होतं. रविवारी दहा वाजता ठमाबाईने सुकट भाजायची. बाकीच्यांनी आपापल्या ओट्यापाशी उभं राहून वास आला की कळवायचं. पण महिन्यापूर्वी त्यांनीच म्हातारीला सुकटबंदीची नोटीस दिली होती. मग काय, काल संध्याकाळी लेटरहेडवर शुद्ध मराठीत पत्र गेलं: ‘रविवार रोजी सकाळी दहा ते साडेदहा या वेळेत आपणास सुकट भाजण्यास परवानगी देण्यात येत आहे.’ ठमाबाईने पत्र वाचून घेतलं, “बरं” म्हणाली आणि दार लावलं.

बाळकुमातला हा टॉवर उभा आहे तो तिच्याच भातखाचरावर. बदल्यात पहिल्या मजल्यावरचं एकशे चार मिळालं. दोन भाकऱ्या आणि मूठभर सुकट, एवढीच म्हातारीची चैन. “त्या भोकात सिमेट घातलंव तर मी धुरात रांधू काय?” एवढंच ती गेल्या मीटिंगमध्ये म्हणाली होती. मुलगा आंबिवलीला ये म्हणून कधीचा मागे लागला होता. आज ठराव झाला की तिला गाठोडं बांधावंच लागणार होतं. तिच्या दाराबाहेर देवराम गवंडी घमेलं घेऊन बसलाही होता. आगाश्यांच्या कामात ढिलाई नसे.

‘सहाशे चार. खूपच उग्र.’ ‘आठशे चार. डोकं दुखायला लागलं.’

खरं सांगायचं तर आगाश्यांना अजून काहीच आलं नव्हतं. नवराबायको दोघांचाही उपास, त्यामुळे घरभर साबुदाण्याच्या खिचडीचाच घमघमाट होता. पण नऊशे चारचा मेसेज वाचता वाचता त्यांनाही आला. खारट, कुबट, अगदी तोच!

“मला नाही येत हो काही,” त्यांच्या पत्नी चित्राबाई म्हणाल्या.

“तुला सर्दी आहे.”

“मलापण नाही येत, सर,” सुदेश म्हणाला.

“तुम्हाला सवय असेल,” आगाशे म्हणाले.

सुदेशने जाळीवर पुन्हा कागद धरला. कागद पुन्हा चिकटला. तिकडे कोणी बघायलाही तयार नव्हतं. दहा वाजून वीस मिनिटांपर्यंत अकराच्या अकरा घरांचा कौल आला होता. आगाश्यांनी नाकाला रुमाल लावला आणि सुदेशला घेऊन लिफ्टने खाली आले. देवराम घमेल्यात थापी फिरवत होता. दार उघडंच होतं.

ठमाबाई देव्हाऱ्यापुढे दुर्वा निवडत बसली होती.

“बास, ठमाबाई, बास! बंद करा आता!” आगाशे रुमालातूनच ओरडले. “वर लोकांना घरात बसवत नाही!”

“काय बंद करू, सायब?”

“अहो, सुकट!”

सुदेश सरळ आत गेला. तवा खुंटीला टांगलेला होता. सुकटीच्या डब्याला झाकण घट्ट होतं आणि डब्याखाली लेटरहेडची चौघडी. त्याने शेगडीवर हात ठेवला. थंडगार.

“भाजली नाही तुम्ही?” त्याने विचारलं.

“परवानगी दिली म्हंजे भाजलीच पायजे काय?” ठमाबाई म्हणाली. “आज संकष्टी हाय, बाबा. सुकटीच्या डब्याला मी हात पन नाय लावला. सकालपास्नं गॅस पेटवला नाय.”

आगाश्यांचा मोबाइल वाजला. ‘सातशे चार. आता तर मळमळतंय. थांबवा कोणीतरी त्यांना!’

रुमाल अजून आगाश्यांच्या नाकावरच होता. तो काढावा की ठेवावा, त्यांना कळेना.

देवरामने दारातून मान आत घातली.

“साहेब, माल कालवून ठेवलाय, सुकून जाईल,” तो म्हणाला. “कोणतं भोक बुजवायचं, तेवढं सांगा.”