रुखवतातली राइस मिल

रुखवताच्या टेबलावर राइस मिल होती. तिच्या शेजारी डॉक्टरांचा दुमजली बंगला, मग बाजारातलं व्यापारी संकुल, ग्रामपंचायतीची इमारत, आणि अगदी कडेला, करंज्यांच्या ताटाला टेकून, नवेगाव बांधाकडचा छोटा दवाखाना. सगळं थर्माकोलचं आणि पुठ्ठ्याचं. झाडं तेवढी स्पंजाची.

मुंडावळ्या बांधलेली रीता दारातच थबकली. ही तर तिच्या गोंदियाच्या ऑफिसातली मॉडेलं! आर्किटेक्ट झाल्यापासून तिने जे जे बांधलं, त्या सगळ्याचे नमुने.

"माय, हे काऊन मांडलं?"

"मंग का मांडू?" सुलोचनाबाई पदराने घाम पुसत म्हणाल्या. "लोकायच्या पोरी लोकरीचे पोपट करतेत, मन्याचे बदक करतेत. तुह्या हातचं घरात एक तोरन नाही. वऱ्हाडानं का रिकामं टेबल पाहाचं?"

क्रोशाची सुई तिने कधी हातात धरलीच नव्हती. वडिलांनी, दुधरामांनी, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाद्या अंथरून हा सगळा संसार गोंदियाहून सडक अर्जुनीला आणला होता. वाटेत एक खांबही मोडला नाही, हे ते मांडवात भेटेल त्याला सांगत सुटले होते.

रीताला मात्र ते सगळं झाकून टाकावंसं वाटलं. साखरपुड्याच्या दिवशी होणाऱ्या सासूबाई, सुशिलाबाई, सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "नकाशे काढनं लग्नापरेंत ठीक. मंग घर पाहाचं." रीताने त्याच दिवशी त्यांच्या मुलाला, भूपेंद्रला, बजावलं होतं, ऑफिस बंद होणार असेल तर मी माळ घालणार नाही. "मायले मी समजावतो," असं तो म्हणाला होता. तेव्हापासून तो योग्य वेळ शोधत होता. आज सकाळी रीताने हळदीच्या हातांनी त्याचा फोन घेतला. "अजून बोललो नाही," तो पलीकडून कुजबुजला. "पाहातो. जमलं तर वरातीत." मुलगा गुणाचा होता, फक्त आईसमोर त्याची बोबडी वळायची.

आणि आता वऱ्हाड दारात आलं होतं. जे लपवून ठेवायचं, ते आईने चादर अंथरून, उदबत्ती लावून मांडलं होतं.

बायकांनी टेबलाला गराडा घातला. लोकरीच्या पोपटांच्या नशिबी एवढं कौतुक कधी येत नाही. एकीने मिल ओळखली. "आमचे धान इथंच जातेत वं!" एक म्हातारी बंगल्याच्या खिडकीला डोळा लावून आत चूल कुठे आहे ते शोधत होती. तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. सुशिलाबाई आल्या. कपाळावर आठी, हातात पानाचा डबा. बंगल्यापुढून गेल्या, संकुलापुढून गेल्या. कशालाच बरं म्हणाल्या नाहीत. दवाखान्यापाशी त्यांचे पाय थांबले.

"हा दवाखाना तू बांधला?"

"हो जी."

सुशिलाबाईंनी बाळंतिणींच्या खोलीबाहेरच्या लांब ओसरीवर बोट ठेवलं. "ही ओसरी ठेवाले कोनं सांगतली?"

"कोनीच नाही," रीता म्हणाली. ती खरं तेच बोलली. "बाळंतिणीसंगं आलेल्या बायकायले बसाले जागाच नसते. सरकारी साहेब म्हनत होते, खर्च वाढते. मी भांडून ठेवली."

सुशिलाबाईंचं बोट ओसरीवरच राहिलं. मागच्या श्रावणात त्यांच्या लेकीचं दुसरं बाळंतपण तिच्या सासरी, याच दवाखान्यात झालं होतं. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. दिवसभर त्या या ओसरीवर भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. तिथेच डबा खाल्ला, तिथेच नातीचं पहिलं रडणं ऐकलं. घरी आल्यावर कितीतरी दिवस त्या सांगत होत्या, कोण्या भल्या माणसाने ती ओसरी बांधली, त्याचं चांगलं होवो. रीताला यातलं काहीही माहीत नव्हतं. तिला फक्त सासूबाईंची आठी दिसत होती. संपलं सगळं, असं तिला वाटलं.

अखेर भूपेंद्रने धीर केला. बाशिंग सावरत तो पुढे आला. "माय, मी का म्हनतो..."

"तू चूप रे."

त्याने बाशिंग पुन्हा सावरलं. तेवढ्यात गोंदियाचे धानाचे व्यापारी चुन्नीलालशेठ गर्दीतून वाट काढत टेबलापाशी पोचले. बंगला त्यांच्या डोळ्यांत भरला होता. समोर नवरी उभी आहे, मंगलाष्टकं व्हायची आहेत, याचं त्यांना काही नव्हतं.

"बिटिया, ऐसाइच बंगला अपने को भी बनाना है. कितने में बैठेगा?"

रीताने तोंड उघडायच्या आत सुशिलाबाई मध्ये उभ्या राहिल्या. पानाचा डबा त्यांनी काखेत मारला.

"शेठ, नवरीले आज काऊन तरास देऊन राहिले? सोमवारी घरी या. तिचं हापिस आता आमच्या समोरच्या खोलीत राहील."