धक्क्यावरची हाक

जुना हॉलिवूड मूकपट बघून दोघं हॅम्बर्गच्या बंदरावर आले, तरी सुनेत्राताई त्याच्या मूळ कादंबरीतच होत्या.

"मराठी अनुवाद तीनदा वाचलाय मी! पुस्तकात ती धक्क्यावर नुसती रडते हो. या सिनेमावाल्यांनी तिला बोटीमागे पळवलं, त्याच्या नावानं ओरडायला लावलं!"

"ओरडली, पण आवाज कुठे आला?" वासुदेवराव हसले आणि तरातरा पुढे जाऊन समोरच्या फेरीबोटीत चढले. मुलाच्या घराकडे जाणारी फेरी पलीकडे उभी होती.

"अहो! अहो, ही नाही, उतरा!"

गर्दीत ते पाठमोरेच राहिले. भोंगा वाजला. सुनेत्राताई पळत सुटल्या आणि चाळीस वर्षांत उखाण्याशिवाय कधी न घेतलेलं नाव त्यांच्या तोंडून निघालं.

"वासुदेव!"

ते थबकले, पण वळले नाहीत.

"अरे वासुदेव!"

आता ते वळले, अगदी तोंडभर हसत. तोवर फेरी सुटली होती.

सुनेत्राताईंनी धापा टाकतच फोन लावला. "पहिली हाक ऐकू नाही आली?"

"स्वच्छ आली."

"मग उतरला का नाहीत?"

"वन्स मोअर हवा होता."