दोन मॉनिटर, एकच स्कॅन

"मॅडम, मॉनिटर जोडायची ती डबी आहे ना, त्या डॉकची वायर काढून परत लावा," फोनवरचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला चौथ्यांदा म्हणाला.

डॉ. मृण्मयी खानविलकरांनी वायर उपटून पुन्हा खुपसली. लॅपटॉपला जोडलेले दोन्ही मॉनिटर क्षणभर काळे झाले आणि दोन्हींवर परत एकच चित्र उमटलं. त्यांना एकावर गेल्या वर्षीचा स्कॅन हवा होता, दुसऱ्यावर आजचा; लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर बारीक मापं नीट दिसत नव्हती. पेशंटच्या फुप्फुसातली गाठ वाढली आहे का, हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय सांगायला त्यांचं मन धजेना.

"मॅडम, हा लॅपटॉप बाहेरचा एकच मॉनिटर चालवतो. डॉक बदलूनही उपयोग नाही."

"हे दोन तासांपूर्वी का नाही सांगितलंत?" त्या ओरडल्या आणि फोन आपटला.

दार हळूच उघडलं. सकाळपासून बाहेर बाकावर बसलेल्या पेशंट, अनसूयाबाई, घाबरून आत डोकावल्या. "माझं काही वाईट निघालं का, डॉक्टरीणबाई?"

मृण्मयी वरमल्या. "नाही हो, मी या यंत्रावर चिडले. गेल्या वर्षीची फिल्म आणलीय का?"

अनसूयाबाईंनी पिशवीतून फिल्म काढली. मृण्मयींनी ती खिडकीच्या काचेवर धरली, आजचा स्कॅन दाखवणारा एक मॉनिटर फिल्मजवळ ओढला आणि दोन्हीकडची मापं दोनदा ताडून पाहिली.

"गाठ होती तेवढीच आहे. जरासुद्धा वाढलेली नाही."

अनसूयाबाई मटकन खुर्चीत बसल्या. "अहो, मग आधी सांगायचंत ना! बाहेर बसून मी मनातल्या मनात माझ्या बांगड्यासुद्धा दोघी सुनांना वाटून टाकल्या."