दुसरा निरीक्षक

२०१८ साल. आम्ही तेव्हा ओमानमध्ये, मस्कतजवळच्या माबेलाला राहत होतो आणि आमची प्रियांका बकऱ्यांच्या वागण्यावर पीएचडी करत होती. फार्मवरचे व्हिडिओ बघायचे आणि बकरी जे करील त्याचं बटण कॉम्प्युटरवर दाबायचं. तेच व्हिडिओ दुसऱ्या कुणीतरी वेगळं बसून बघायचे. दोघांच्या नोंदी जुळल्या तरच प्रबंध पुढे सरकणार. तिने बाबांना, म्हणजे आमच्या ह्यांना, बसवलं.

चरणं, झोपणं, टकरा, सगळं जुळलं. 'मीलन' या रकान्यात मात्र बाबांची एकही नोंद नव्हती, आणि तिचा विषय नेमका तोच होता.

"बाबा, त्या वेळी तुम्ही काय दाबलंत?"

"'दिसत नाही'चं बटण."

"अहो बाबा, समोर तर दिसतंय."

"मी मान फिरवली. कुणाच्या खाजगीत कशाला बघायचं?"

"बकऱ्या आहेत त्या," मी म्हटलं.

"असू देत. त्यांनाही अब्रू असते."

प्रियांका रडवेली होऊन दोन्ही नोंदी तिच्या ओमानी सरांकडे घेऊन गेली. सरांनी त्या शेजारी शेजारी लावल्या आणि हसत सुटले. तिने जिथे जिथे 'मीलन' दाबलं होतं, बरोबर त्याच सेकंदाला बाबांनी 'दिसत नाही' दाबलं होतं.

"सगळं जुळतंय. खलास, झालं काम. पुढचं प्रकरण लिही," सर म्हणाले.

सर आता निवृत्त झालेत. प्रियांका कॉलेजात शिकवते.

आणि आमचे हे अजूनही शपथेवर सांगतात, की त्यांनी काहीही पाहिलं नव्हतं.